पाना कुणी धरायचा

पेणमध्ये गाडी बिघडायचीच असेल तर ती गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत बिघडू नये. हमरापूर, जोहे आणि खुद्द पेण शहरातल्या कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडायला लागल्या की या टापूतला प्रत्येक टेम्पो रस्त्यावर असतो, आणि जो रस्त्यावर नसतो तो गॅरेजच्या दारात असतो. मुंबई, पुणे, गुजरात, जिथून मागणी असेल तिथे माल वेळेत पोचला पाहिजे. चतुर्थी उलटल्यावर त्या मूर्तीला कुणी विचारत नाही. अशा दिवसांत माझी जीप आमच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींच्या दारात उभी राहिली तर तिचा नंबर शेवटचा लागतो. तो तसाच लागायला हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझंही काम नेमकं पावसातच असतं.

मी सौर पंप बसवतो आणि त्याहून जास्त दुरुस्त करतो. गिऱ्हाईक दोन टोकांना. पश्चिमेला खारेपाट: खारबंदिस्तीच्या आतली भातशेती, जिताड्याचे आणि कोळंबीचे तलाव, बांधावरून जाणारे मातीचे रस्ते. पूर्वेला डोंगर: ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, जिथे पाण्याची टाकी वर आणि विहीर खाली. हेटवण्याच्या बाजूला, गागोद्याच्या पुढे, नाही तर रोह्याच्या मागच्या रांगेत गेलं की डांबर एका ठिकाणी संपतं. पुढे मुरूम, मग दगड, मग ओढा. पॅनेल, पंप, पाइपाची भेंडोळी आणि दोन माणसं घेऊन तिथवर जायचं तर चारही चाकं ओढणारी गाडी लागते. माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० आहे, नव्वदच्या दशकातली. प्यूजोच्या रचनेचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चारही कोपऱ्यांत पाटे, आणि बटण म्हणावं असं जवळजवळ काही नाही.

ही गाडी दोन वेगवेगळ्या कारणांनी मरते. खारेपाटात तिला मीठ खातं. बांधावरचा चिखल वाळला की चॅसीच्या पोकळ पट्ट्यांमध्ये बसून राहतो, पाऊस पडला की पुन्हा ओला होतो, आणि बाहेरून रंग शाबूत असताना आतून पत्रा पापड होत जातो. डोंगरात तिला दगड मारतात: पाट्याचं मुख्य पान तुटतं, शॉकअबचा बुश जातो, चाकांकडे ओढ नेणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस खळखळायला लागतात. त्यात पावसाळ्याचं तीन हजार मिलिमीटरच्या घरातलं पाणी. आणि या दोन टोकांच्या मध्ये मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या वर्षांत वडखळ ते नागोठणे गाडी चालवलेल्या माणसाला ऑफरोडिंगसाठी मुद्दाम डोंगरात जायची गरज पडली असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा दुरुस्ती ही माझ्याकडे अधूनमधून येणारी पाहुणी नाही, ती घरातलीच आहे. प्रश्न एवढाच, की कोणती दुरुस्ती अंगणात करायची आणि कोणती मेस्त्रींकडे न्यायची.

गॅरेजांची इथे वानवा नाही. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचं पेट्रोकेमिकल, धाटावची एमआयडीसी, आणि सगळ्यांमधून जाणारे ट्रक. त्यामुळे वडखळ नाक्यापासून दोन्ही बाजूंना जड वाहनांचे फिटर, वायरमन, वेल्डर, टायरवाले बसलेले आहेत. रोह्यात लेथवाले चांगले, कारण धाटावच्या कंपन्यांचे शाफ्ट आणि बुश वर्षानुवर्षं त्यांच्याकडे येतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा त्यांना समजावून सांगावी लागत नाही. (फक्त दसऱ्याच्या सुमारास, धावीर महाराजांची पालखी असते तेव्हा, रोह्यात कुणाकडून काही घासून घ्यायची अपेक्षा ठेवू नये.) पाट्यांना नव्याने बाक द्यायचा असेल तर कळंबोलीला जावं, तिथे ट्रकांच्या गर्दीमुळे ते काम करणारे हात रोजच्या सरावातले आहेत. म्हणजे माझ्यासमोर ‘गॅरेज की घर’ एवढा सरळ पर्याय कधीच नव्हता. पाच-सहा प्रकारचे कारागीर होते आणि सातवा मी.

घरी काम करण्याची तीन कारणं लोक सांगतात. पैसे वाचतात, खात्री राहते, आणि हौस भागते. हौस सोडून देऊ. ती असते आणि तिला कारण लागत नाही. पैशाचं मात्र मला फारसं पटत नाही. सुटा भाग मी आणला काय आणि मेस्त्रींनी आणला काय, किंमत तीच. उलट दुकानदार त्यांना ओळखतो, म्हणून नकली बेअरिंग त्यांच्या गळ्यात मारत नाही. वाचते ती मजुरी. ती वाचवण्यासाठी पुलर लागतो, टॉर्क पाना लागतो, मोठ्या मापाच्या गोट्या लागतात, आणि लागतो एक दिवस. माझा दिवस माझ्या एकट्याचा नसतो; त्या दिवशी कुठल्या तरी वाडीचा पंप बंद असतो आणि तिथल्या बायका हंडे घेऊन विहिरीची पायवाट उतरत असतात. हा खर्च मी मजुरीच्या रकान्यात मांडत नाही, पण विसरतही नाही.

खात्रीचं कारण तर सगळ्यांत संशयास्पद. आपण आवळलेल्या बोल्टवर आपला विश्वास असतो तो आपण आवळला म्हणून. तो बरोबर आवळला गेला आहे की नाही हे त्यातून कळत नाही.

मग ठरवायचं कशावरून? बरीच वर्षं हे मी अंदाजाने करत होतो आणि अंदाज बहुधा बरा निघायचा, पण त्याच्या मुळाशी काय आहे ते सांगता येत नव्हतं. ते एकदा मेस्त्रींच्या बोलण्यातून सुटं झालं. मी त्यांना विचारलं होतं, की अल्टरनेटर मी घरी काढला तर तुम्ही काही म्हणत नाही, आणि ब्रेकच्या सिलिंडरचं नाव काढलं की गाडी इथे आणा म्हणता, असं का? दोन्हींत चार-दोन बोल्टच तर आहेत. ते म्हणाले, “अल्टरनेटर चुकला तर दारात कलतंय. ब्रेक चुकला तर भिसे खिंडीत कलंल.”

नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंड लागते. ज्यांनी ती पावसात, भरलेल्या गाडीने उतरली आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको.

तेव्हापासून मी काम किती अवघड आहे हे आधी बघत नाही. या कामातली चूक कुठे कळेल, हे बघतो. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला आणि पॅकिंग नीट बसलं नाही, तर पाच मिनिटांत खाली थेंब पडतो. स्टार्टरची वायर ढिली राहिली तर गाडी अंगणातच चालू होत नाही. रेडिएटरचा पाइप, सायलेन्सरचा हँगर, बॅटरीची अर्थिंग, डिझेल फिल्टर: सगळ्यांची चूक माझ्या कोब्यावर, माझ्या डोळ्यांसमोर उघडी पडते. ही कामं माझी. याउलट ब्रेकच्या लाइनीत हवा थोडी राहिली, हबचं बेअरिंग थोडं जास्त आवळलं, स्टिअरिंगच्या बॉलजॉइंटची पिन घालायची राहिली, तर गाडी त्या दिवशी अगदी गुणी बाळासारखी चालते. दुसऱ्या दिवशीही चालते. चूक मुकाट्याने बसून असते आणि वर आलीच तर उतारावर येते. ही कामं ज्याच्या हातून रोज होतात त्याची.

या नियमाला कामाच्या सोपेपणाशी देणंघेणं नाही, हे त्यातलं मला सर्वांत उपयोगी वाटतं. क्लच प्लेट बदलणं अवघड आहे: गिअरबॉक्स उतरवायचा, तो वजनदार, तिघं माणसं लागतात. पण चुकलं तर गिअर पडत नाही, आणि ते दारात कळतं. ब्रेक ऑइल बदलणं पोरासोरांना जमेल इतकं सोपं. पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ३ दर्जाचं नवं, कोरडं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. तेच ओलावा पिऊन बसलं की १४० अंशांनाही उकळू शकतं. खारेपाटाच्या हवेत ते पटकन ओलं होतं. सपाटीवर याचा पत्ताच लागत नाही. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला, ड्रम तापले, की लाइनीत वाफ धरते आणि पेडल कशालाच न अडता खाली जातं. डबीचं झाकण अर्धवट लावून कपाटात ठेवलेलं मागच्या वर्षीचं ऑइल काटकसर म्हणून ओतणारे लोक मी पाहिले आहेत. गॅरेजमध्ये निदान डबी रोज नवी फुटते.

डिझेल पंपाचं आणि नोझलचं वेगळं. तिथे चूक कुठे कळेल हा प्रश्नच नाही, कारण ते काम घरी होतच नाही. पंपाचं कॅलिब्रेशन टेस्ट बेंचवर होतं, नोझल ठरावीक दाबाला उघडतो की नाही ते यंत्रावर बघावं लागतं, आणि चालू नोझलचा फवारा बोटावर घेऊन बघणाऱ्याच्या कातडीत डिझेल घुसतं; ते दिसायला टोचल्याएवढं असतं आणि त्यात बोट जाऊ शकतं. फिल्टर बदलून, हातपंप मारून, लाइनीतली हवा काढायची, तिथे माझी हद्द संपते.

आता यात एक मजा आहे. हद्दी आखायचा हा प्रकार जीपच्या जन्मापासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने विलीस जीपबरोबर ज्या पुस्तिका दिल्या त्यांतली १९४४ ची टीएम ९-८०३ आजही जुन्या जीपवाल्यांत फिरते. सैन्याने देखभालीच्या पाच पायऱ्या पाडल्या होत्या. पहिली चालकाची: धुणं, वंगण, हवा, पाणी, ढिलं झालेलं आवळणं. दुसरी त्या तुकडीच्याच मेकॅनिकांची: भाग बदलणं, जुळवणं. तिसरी आणि चौथी मागच्या फिरत्या कार्यशाळांची, आणि पाचवी तळावरच्या कारखान्याची, जिथे गाडी पार सुटी करून नव्याने उभी राहायची. ही पुस्तिका पहिल्या दोन पायऱ्यांसाठी आहे. इंजिन आणि एक्सल आतून उघडायचे तर त्याची पुस्तकं वेगळी, आणि ती चालकाच्या हातात द्यायची नव्हती. चालकाच्या बुद्धीवर शंका होती म्हणून नव्हे. आघाडीवर धूळ आहे, बेंच नाही, मापयंत्र नाही, म्हणून. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत याच विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि माझी ५४० त्याच घराण्यातली. गाडी आली, पायऱ्या मात्र आपल्याकडे आल्या नाहीत. आपल्याकडे एक तर सगळं मेस्त्रींवर सोडतात, नाही तर मोबाइलवर व्हिडिओ बघून पहिल्याच रविवारी क्राऊन-पिनियन उघडतात.

धूळ आणि बेंच यांवरून आमच्याकडची खरी अडचण आठवली. पाना दुय्यम, आधी कोबा लागतो. पेण-रोह्यातल्या घरांची अंगणं मातीची, आणि पावसाळ्यातली इथली माती जॅकला हळूहळू गिळते. गाडी जॅकवर उचलली, खाली आधाराच्या घोड्या न लावता माणूस खाली शिरला, आणि जॅक एका अंगाने खचला, तर पुढचं सांगायला तो माणूस उरत नाही. म्हणून मी आधी शेडखाली दहा बाय अठराचा कोबा घातला, मग दोन घोड्या घेतल्या, आणि पाने सगळ्यांत शेवटी. ज्यांच्याकडे कडक, सपाट, छप्पर असलेली जागा नाही त्यांच्यासाठी वरचा सगळा विचार गैरलागू आहे. त्यांनी गाडी गॅरेजला न्यावी. आणखी एक गोष्ट गॅरेजच्या बाजूने सांगायला हवी. काढलेलं काळं तेल. गॅरेजमध्ये त्याचा पिंप असतो आणि तो विकला जातो. घरी काढलेलं तेल कुंपणाच्या खांबांना, वाळवीला, चॅसीला फासलं जातं, आणि उरलेलं गटारातून भोगावतीत. पावसाआधी चॅसीला काळं तेल मारायची इथे जुनी पद्धत आहे. गंज थोडा थांबतो हे खरं, पण पाट्यांचे आणि शॉकअबचे रबरी बुश त्याने फुगून सैल होतात, आणि पहिल्या ओढ्यात अर्धं तेल पाण्यावर इंद्रधनुष्य काढत निघून जातं. त्याच ओढ्याच्या खाली कुणाची तरी विहीर असते, आणि बऱ्याचदा तिथला पंप मीच बसवलेला असतो.

ओढ्याचा विषय निघालाच आहे तर एक्सलबद्दल सविस्तर बोलतो, कारण घर आणि गॅरेज यांच्यातली रेघ नेमकी कुठून जाते ते तिथे स्पष्ट दिसतं.

महामार्गावरून तासभर आलेल्या गाडीचा डिफरन्शियल चांगलाच तापलेला असतो. आतली हवा प्रसरण पावून ब्रीदरमधून, म्हणजे हवा खेळायच्या भोकातून, थोडी बाहेर गेलेली असते. ही गाडी थेट ओढ्यात घातली की लोखंड एकदम थंड होतं, आतली हवा आक्रसते, आणि जिथून जमेल तिथून पाणी आत ओढलं जातं: चिखलाने तुंबलेल्या ब्रीदरमधून, झिजलेल्या सीलमधून. तेल दुधाळ होतं. गाडीला काहीच होत नाही. महिना-दोन महिने काहीच होत नाही, आणि मग बेअरिंग गुणगुणायला लागतं. म्हणजे नियमाप्रमाणे हे मेस्त्रींचं काम झालं, नाही का? पण नाही. पाणी शिरलं की नाही हे बघणं हे माझंच काम आहे, आणि ते दर पावसाळ्यात वारंवार करायचं आहे. रात्रभर गाडी उभी ठेवायची, सकाळी इंजिन सुरू न करता खालचा ड्रेन नट जरा सैल करायचा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं, म्हणून आधी तेच गळतं. स्वच्छ तेलाचा थेंब आला तर नट आवळायचा आणि कामाला लागायचं. पाणी आलं तर सगळं काढून नवं ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं. ब्रीदरला नळी जोडून ती वर इंजिनाच्या खोलीत नेऊन बांधायची. हे तिन्ही मी करतो. सील बदलायचं झालं तर हाफ शाफ्ट ओढावा लागतो, बेअरिंगची जागा बघावी लागते, आणि सीलची ओठासारखी कड बसवताना उलटली तर ते पुन्हा ओढ्यातच कळणार. ते मेस्त्रींकडे. एकाच एक्सलचं तपासणं माझं आणि उघडणं त्यांचं.

मेस्त्रींकडे जाण्याचीही एक रीत आहे, आणि ती न पाळल्यामुळे बरीच भांडणं होतात. एकदा त्यांच्याकडे बसलो असताना एक तरुण दुचाकीवरून पोतं घेऊन आला. पोत्यात जीपचा गिअरबॉक्स, सुटा केलेला. गिअर, शाफ्ट, सिंक्रोनायझरच्या रिंगा, बेअरिंगं, सगळं रॉकेलने धुऊन लख्ख. तिसरा गिअर निसटायचा, म्हणून त्याने उघडला होता, आणि काय खराब आहे ते त्याला दिसत नव्हतं. मेस्त्रींनी पोत्यात हातही घातला नाही. “दादा, मेल्यावर ताप किती व्हता त्या मी कसा सांगू?” एवढंच म्हणाले. तो पोरगा चिडला. पण त्यांचं बरोबर होतं. गिअर कुठल्या वेगाला निसटतो, ओढीवर निसटतो की सोडल्यावर, काठी आधी थरथरते का, आवाज आधी येतो का, हे चालत्या गाडीतच असतं. धुतलेल्या दातांवर त्यातलं निम्मं वाचता येतं आणि पोत्यात एकमेकांवर आपटून उरलेलंही पुसलं जातं.

याचा अर्थ सुटा भाग नेऊच नये असा नाही. लेथवाल्याला आणि पंपवाल्याला सुटाच भाग हवा असतो. अख्खी जीप त्यांच्या दारात उभी केली तर ते वैतागतात. ब्रेकचा ड्रम घासायचा असेल, जॉइंटचा शाफ्ट सरळ करायचा असेल, स्टार्टर भरून घ्यायचा असेल, तर मी घरी काढतो, पिशवीत घालून रोह्याला नेतो, आणि तिथे काय हवं ते कागदावर लिहून देतो. काय बिघडलंय ते माहीत असेल तर भाग न्यावा. माहीत नसेल तर चालती गाडी न्यावी, आणि शक्यतो मेस्त्रींना शेजारी बसवून एक फेरी मारावी. ते स्टिअरिंगकडे बघतही नाहीत, खिडकीतून बाहेर बघत असतात.

इथवर सगळं सरळ आहे. नियमाला पहिला धक्का बसतो तो जिथे डांबर संपतं तिथून पुढे.

काही पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रोह्याच्या मागच्या डोंगरात एका वाडीवर पंपाचा कंट्रोलर बदलून खाली येताना मागच्या जॉइंटचा क्रॉस तुटला. क्रॉस तुटतो तेव्हा आधी खडखडाट करतो, मग शाफ्टचं टोक सुटून खालच्या पत्र्यावर हाणायला लागतं. गाडी उताराच्या मध्यावर, पाऊस चालू, मोबाइलला रेंज नाही, आणि मेस्त्री तिथे यायचे म्हटले तरी त्यांना आणायला जीपच लागली असती. जॉइंटचा शाफ्ट बसवणं हे माझ्या यादीत मेस्त्रींच्या बाजूला होतं. पण तो काढणं मला येत होतं, कारण त्यांच्या गॅरेजमध्ये मी ते त्यांच्या शेजारी बसून केलेलं होतं. दोन्ही टोकांचे बोल्ट सोडवले, शाफ्ट मागच्या सीटखाली टाकला, पुढच्या हबचे लॉक फिरवले, फोर बाय फोरची काठी टाकली. आता मागची चाकं मोकळी आणि ओढ फक्त पुढच्या चाकांना. अशी जीप हळू चालवत रस्त्यापर्यंत आणता येते.

त्यात एक बारीक गोम आहे, जी कुठल्याही व्हिडिओत मी ऐकली नाही. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या पाठीमागे, मागच्या शाफ्टच्या मुळाशी असतो. शाफ्ट काढला की त्या ब्रेकचा मागच्या चाकांशी संबंध तुटतो. फोर बाय फोर टाकलेलं आहे तोवर तो पुढच्या चाकांना धरून ठेवतो. काठी न्यूट्रलला आली किंवा टू व्हीलवर गेली, तर हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी उताराला लागते. म्हणून शाफ्टच्या बोल्टला पाना लावायच्या आधी चारही चाकांना दगड, आणि गाडीत बसल्याशिवाय ते काढायचे नाहीत. माझ्याबरोबरचा पोरगा चिखलात उभा राहून दगड धरून होता आणि मी खाली होतो. हे मला मेस्त्रींनी शिकवलं होतं, तेही सहज, दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं काम चालू असताना.

त्यानंतर यादीला तिसरा रकाना आला. जी कामं गॅरेजचीच आहेत, पण जंगलात अडलो तर मला यायला हवीत. जॉइंटचा क्रॉस, पाट्याचं तुटलेलं पान बांधणं, फॅनबेल्ट, हबचं बेअरिंग तात्पुरतं जुळवणं. ही मी एकदा मेस्त्रींच्या देखरेखीखाली त्यांच्या जागेत करतो. ते वेळ मोडून शिकवतात, म्हणून मजुरी पूर्ण देतो, काम मी केलेलं असलं तरी. बेअरिंगचं उदाहरण घ्या. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, जड झालं की किंचित मागे घ्यायचा, लॉक वॉशरची जीभ वळवायची. किती मागे, हे पुस्तकात अंशांत लिहिलेलं असतं. मेस्त्री ते हाताने सांगतात, आणि मग दोन-तीन किलोमीटर जाऊन हबवर तळहात ठेवतात. हात ठेववत नसेल तर जास्त आवळलंय. जंगलातून रस्त्यावर येईपर्यंत एवढं पुरतं. रस्त्यावर आलं की गाडी थेट त्यांच्याकडे.

नव्या गाड्यांना यातलं किती लागू पडतं? थोडंच. २०२० च्या थारवाला एक ओळखीचा तरुण पेणहून डोंगरात येतो, त्याला मी घोड्या, टायरचं पंक्चर, हवा कमी-जास्त करणं आणि खालचे पत्रे तपासणं एवढंच सांगतो. पुढचं सेन्सर आणि संगणकाचं. त्यात चूक दारात कळते खरी, पिवळा दिवा लागतो, पण का लागला ते कळत नाही. शिवाय वॉरंटी. आणि या पोरांना दुरुस्तीपेक्षा बदलांची घाई असते: गाडी उंच करायची, रुंद टायर घालायचे, पुढे जाड लोखंडी बंपर. पेणचं आरटीओ कार्यालय अख्ख्या एमएच-०६ चं आहे, त्यांच्या नाकाखाली हे होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल सांगतो, की कंपनीने ठरवलेल्या मूळ मापांत असा फेरफार चालत नाही. लोखंडी बुलबारवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईच्या सूचना दिल्या. माझ्या जीपला पंधरा वर्षं कधीच उलटून गेली, दर पाच वर्षांनी तिचं पासिंग असतं, म्हणून मी मूळ मापांना चिकटून राहतो. पण कायदा नसता तरी राहिलो असतो. उंच केलेल्या गाडीत जॉइंटचा कोन वाढतो, क्रॉस लवकर तुटतो, आणि तो कुठे तुटतो ते वर सांगितलंच आहे.

सध्या मेस्त्रींचा आणि माझा मतभेद एकाच कामावरून आहे. जुन्या महिंद्रा जीपच्या पुढच्या एक्सलच्या टोकांना बंद गोळे असतात. त्यांच्या वर-खाली किंगपिनच्या बेअरिंगखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. त्या कमी-जास्त करून चाक वळायला किती जड असावं ते जुळवायचं. मेस्त्री आता म्हणतात, हे तुम्ही घरी करा. स्प्रिंगकाटा लावून ओढ मोजायची, आकडा जुळला की झालं. त्यात अंदाजाचं काही नाही, आणि चुकलं तर स्टिअरिंग अंगणातच जड किंवा सैल लागेल. शिवाय त्यांच्या गुडघ्यांना आता खाली बसणं नको वाटतं, हेही त्यांनी सांगितलं. माझं म्हणणं, जड लागेल ते अंगणात. सैल राहिलं तर पुढची चाकं साठच्या वेगाला, खड्ड्यातून गेल्यावर थडथडायला लागतात, आणि साठचा वेग माझ्या अंगणात मावत नाही. ते म्हणतात, मग काट्यावर विश्वास ठेवा. मी म्हणतो, काटा तुमचा आहे, हात तुमचा आहे, तुम्ही स्टुलावर बसा आणि पाना मी धरतो. यंदा मेअखेरीला तसंच केलं. बिल त्यांनी पूर्ण लावलं.